उशिरा येणाऱ्यांविषयी

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. कॅरलच्या तालमीला कोणी वेळेवर येत नाही, पेटीवाले दादा गाण्याच्या मध्येच फोन घेतात, घरी आत्या नानखटाईच्या तुपावरून रोज बोल लावतात आणि नाताळ जवळ येईल तसतसा तुझाच आवाज चढू लागला आहे, असे तू लिहिले आहेस. 'शांत राहा' एवढेच सांगायचे असते, तर मी कागद घेऊन बसले नसते.

सणासुदीला आपण माणसांवर चिडतो त्याचे कारण बहुधा ती माणसे नसतात. आपण एका दिवसात कोंबलेली कामे असतात, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. घरात पुण्या-मुंबईचे पाहुणे उतरलेले असताना पाणी येण्याच्या दिवशीच पडदे धुणे, करंज्या करणे आणि संध्याकाळची तालीम असे सारे मांडून ठेवले, तर नळापाशी हंडा घेऊन उभ्या असलेल्या वहिनीला अर्धा मिनिट जास्त लागलेलाही आपल्याला सोसत नाही. म्हणून आजच वही घे, २० तारखेपासूनची कामे लिहून काढ आणि जी न केल्याने सण अडणार नाही ती खोडून टाक. पडदे मळके असले तरी ख्रिस्तजन्माची उपासना होते.

बेकरीत नानखटाई भाजायला नेशील तेव्हा तिथेही हे ध्यानात ठेव. त्या दिवसांत पत्र्यांची उतरंड लागलेली असते, कडेला नावांच्या चिठ्ठ्या खोचलेल्या असतात आणि प्रत्येकीला वाटते की आपलाच पत्रा मागे राहिला. 'जरा उघडून बघा' असे भट्टीवाल्याला कोणी वारंवार म्हटले की आतली धग कमी होते आणि सगळ्यांचीच नानखटाई रखडते. सकाळपासून त्या धगीसमोर उभ्या असलेल्या माणसाला त्याच्या अंदाजाने काम करू द्यावे.

आता तालमीचे. बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातील जखऱ्याची हकिकत नाताळाआधीच्या आगमनकाळात आपण दरवर्षी ऐकतो; पण त्यातल्या एका वाक्यावरून आपण घाईने पुढे जातो. धूप जाळण्याची पाळी आलेला हा वृद्ध याजक मंदिरात गेला, आत त्याला देवदूताचे दर्शन झाले आणि बाहेर प्रार्थना करीत असलेले लोक त्याची वाट पाहत राहिले. त्याला इतका उशीर का लागला, याचे त्यांना नवल वाटले. तो बाहेर आला तेव्हा त्याला बोलताच येईना, नुसत्या खुणा करू लागला, आणि त्याचा मुलगा योहान याचा जन्म होऊन बाळाचे नाव ठेवण्याची वेळ येईपर्यंत त्याची वाचा बंदच राहिली. मला त्या बाहेरच्या लोकांचे फार वाटते. उशिराचे कारण त्यांना ठाऊक नव्हते आणि ज्याला ठाऊक होते त्याला ते सांगता येत नव्हते. तुझ्या तालमीतही अशी माणसे असतील. यंदा ज्या घरातले माणूस गेले आहे, त्या घरातील कोणी गाण्याच्या दुसऱ्या कडव्याला उठून बाहेर गेले, तर त्यांना कारण विचारू नकोस आणि त्यांची जागा दुसऱ्या कोणाला देऊ नकोस.

याचा अर्थ सगळेच गिळायचे, असा मात्र नाही. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १३व्या अध्यायात प्रीतीची लक्षणे सांगताना सहनशीलता सर्वांत आधी घेतली आहे. परंतु प्रीती अनीतीत आनंद मानत नाही, हेही त्याच यादीत आहे. पेटीवाल्या दादांना फोनविषयी जरूर सांग, पण तालीम सुरू होण्यापूर्वी, एकटे असताना आणि एकदाच. २४ तारखेच्या रात्री साऱ्या गायनमंडळासमोर सांगितलेली खरी गोष्टसुद्धा अपमान ठरते. आत्यांच्या हाती तुपाचा डबा देऊन मोकळी हो. त्यांना बहुधा तेवढेच हवे असावे. पाहुण्यांपैकी कोणी तुझ्या रंगावरून किंवा लग्नावरून टोचून बोलले, तर तिथून उठून जायला तुला कोणाची परवानगी लागत नाही. (पाळकसाहेबांचा संदेश लांबला तर मात्र बसून राहावे, तिथे माझाही इलाज चालत नाही.)

एक काम लगेच कर. तुझ्या गायनमंडळातील निम्मी मुले अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यांत आहेत, असे तूच लिहिले आहेस. त्यांची पाळी किती वाजता सुटते आणि तिथून चर्चपर्यंत यायला किती वेळ लागतो, हे येत्या रविवारी उपासना संपल्यावर त्यांना विचार आणि तालमीची वेळ त्याप्रमाणे ठरव. अर्धा तास पुढे न्यावी लागली, तर पाळकसाहेबांशी मी बोलेन. चर्चच्या किल्लीची व्यवस्था तेवढी तू बघ.

तुझ्या,
शब्बाथ शाळेच्या बाई