फर्स्ट बेसवर टाकलं म्हणून रुसलास?

अरे, तुझा मेसेज वाचला. सेंटर फिल्डमधून, म्हणजे मैदानाच्या मागच्या मधल्या भागातून, काढून फर्स्ट बेसवर उभं केलं म्हणजे आपला पत्ता कट, असं तू धरून बसलायस. मग अमेरिकेतल्या जुन्या बेसबॉल खेळाडूचं, ऑस्कर चार्ल्सटनचं ऐक.

इंडियानापोलिसचा पोरगा, जन्म 1896 चा. 15 व्या वर्षी आर्मीत गेला, फिलिपिन्सला बॉल खेळला, आणि 1915 मध्ये गावाकडच्या एबीसीज टीममध्ये आला. काळ्यांना मेजर लीगची, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या बेसबॉल लीगची, दारं बंद होती, त्यामुळे काळ्यांची वेगळी नीग्रो लीग हेच अमेरिकेतलं त्याचं करिअर. सेंटर फिल्डला हा गडी एवढा पुढे उभा राहायचा की सेकंड बेसच्या जवळपास मागेच, म्हणजे समोर पडणारे बॉल तर उचलायचाच, वर डोक्यावरून गेलेला बॉलही मागे पळत जाऊन पकडायचा. तू फेन्सला चिकटून का उभा राहतोस, हे मी तुला कितीदा विचारलंय!

पण वय झालं, वजन वाढलं, पाय मंदावले. मग गेला की तोही फर्स्ट बेसवर. आणि 1932 पासून पिट्सबर्ग क्रॉफर्ड्सचा मॅनेजरही तोच, खेळतही होता. हाताखाली जॉश गिब्सन, कूल पापा बेल, जुडी जॉन्सन, सॅचेल पेज... एकेकाला सांभाळायचं म्हणजे काय खायचं काम नाही. 1935 ला न्यूयॉर्क क्यूबन्सशी फायनल 7 गेमपर्यंत ताणली आणि जिंकली.

डोकं मात्र त्याचं गरम. 1915 मध्येच गोऱ्या अंपायरला ठोसा मारला, मैदानात दंगल उसळली, अटक झाली. हे त्याच्याकडून घेऊ नकोस हां, तुझं आधीच जरा तसं आहे.

1947 नंतर काळ्यांसाठी मेजर लीगची दारं उघडणाऱ्या जॅकी रॉबिन्सनमागोमाग चांगली पोरं मेजर लीगला जायला लागली, नीग्रो लीग आटत चालली, तरी 1954 ला हा इंडियानापोलिस क्लाउन्सचा मॅनेजर, टीममध्ये कॉनी मॉर्गन आणि मेमी जॉन्सन या दोन मुली, आणि पेनंट, म्हणजे लीगचं विजेतेपद, त्यांनीच मारलं. त्याच ऑक्टोबरमध्ये तो गेला. बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये निवड 1976 ला, आणि 2024 ला मेजर लीगने नीग्रो लीगचे आकडे आपल्या रेकॉर्डमध्ये धरले तेव्हा .363 बॅटिंग ॲव्हरेजने तिसरा, वर फक्त गिब्सन आणि मेजर लीगचा टाय कॉब.

तर सोमवारी ये. आधी बेसवर पाय कुठे ठेवायचा ते बघू, थ्रो यायच्या आधीच तू ताणून उभा राहतोस, तिथेच बॉल सुटतो.