डीजीपीएसचे पॉइंट आणि टोटल स्टेशनचं अंतर जुळत नाही, मशीन बिघडलंय का?

भाऊ, मशीन दुरुस्तीला पाठवायची घाई करू नका. चोपड्याकडे रस्त्याचं काम आहे आणि डीजीपीएसने (उपग्रहांवरून जागा ठरवणाऱ्या यंत्राने) घेतलेल्या दोन पॉइंटमधलं अंतर टोटल स्टेशनवर (जमिनीवर कोन आणि अंतर मोजणाऱ्या मशीनवर) किलोमीटरला 40 सेंमी जास्त येतंय, असं तुम्ही लिहिलंय. या 40 च्या आकड्यातच उत्तर आहे.

तुमचे कोऑर्डिनेट यूटीएम झोन 43 चे असणार. यूटीएम म्हणजे पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे (झोन) करून ते सपाट नकाशाच्या चौकटीवर, म्हणजे ग्रिडवर, आणायची पद्धत. हा झोन 72 ते 78 पूर्व रेखांशांचा. त्याचं मधलं रेखावृत्त 75, ते आपल्या अमळनेरच्या थोडंसं पश्चिमेकडून जातं. गोल पृथ्वी सपाट ग्रिडवर आणताना त्या रेषेवर अंतर मुद्दाम 0.9996 पट धरतात, म्हणजे जमिनीवरचे 1000 मीटर ग्रिडवर 999.60 भरतात. जळगावकडे हाच फरक साधारण 36 सेंमी होतो. जमिनीच्या उंचीमुळे वर दोन-तीन सेंमीची भर पडते.

खात्री करायची तर 250 आणि 500 मीटरवर मोजा. फरक 10 आणि 20 सेंमी आला तर हेच कारण. सगळीकडे सारखेच 3-4 सेंमी येत असतील तर प्रिझम कॉन्स्टंट (समोरच्या आरशासाठी मशीनमध्ये भरायची ठरावीक दुरुस्ती) चुकलाय. कुठे कमी, कुठे जास्त असेल तर खुंटी हललीय. काळ्या जमिनीत पाऊस पडून गेला की खुंट्या हमखास सरकतात. तापमानही बघा. मशीनमध्ये 15 अंश तसेच राहिले आणि बाहेर 45 असेल, तर किलोमीटरला सुमारे 3 सेंमी तिथेच जातात.

माझ्या सुरुवातीच्या दिवसांत पारोळ्याकडच्या एका कामावर दीड किलोमीटरच्या ट्रॅव्हर्सला (एका खुंटीवरून पुढच्या खुंटीवर मोजत जायच्या साखळीला) 60 सेंमीचा फरक आला होता. वखर लागून खुंट्या हलल्या असं समजून कपाशीच्या बांधावरच्या सगळ्या खुंट्या आम्ही पुन्हा ठोकल्या. दोन दिवस गेले, फरक तेवढाच. कारण हेच ग्रिडचं होतं, पण तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

आता आधी डिझाइनवाल्यांना विचारा, अलाइनमेंट (रस्त्याची आखलेली रेषा) ग्रिडवर आहे की जमिनीवरच्या अंतरात. ग्रिडवर असेल तर टोटल स्टेशनमध्ये स्केल फॅक्टर (तो 0.9996 सारखा गुणक) टाका आणि मगच सेंटर लाइनचे पॉइंट द्या. जमिनीवरच्या अंतरात असेल तर कंट्रोल पॉइंट (ज्यांवरून बाकी मोजणी होते ते पक्के पॉइंट) तसे बदलून घ्या आणि मशीनमध्ये फॅक्टर 1 ठेवा. दोन्ही एकदम केलंत तर चूक उलट्या बाजूला जाईल. 6 मीटरच्या मोरीला अडीच मिलिमीटरने काही बिघडत नाही, पण मोठ्या पुलाच्या दोन काठांवरून पॉइंट देताना हे आधी मिटवा. आणि कंट्रोल पॉइंटच्या यादीवर ‘ग्रिड’ की ‘ग्राउंड’ ते ठळक लिहा, तुमच्यानंतर येणाऱ्या सर्व्हेअरसाठी.