वाचक विचारतात: पूल धोकादायक आहे, पण कोणासाठी?

प्रश्न: नमस्कार. आमच्याकडचा जुना रेल्वे पूल आता पाडायचं ठरलंय. लाइन बंद होऊन बरीच वर्षं झाली, मध्ये कोणी ढुंकूनही बघितलं नाही आणि आता एकदम 'धोकादायक' असा बोर्ड लागलाय. काही बोलायला गेलं की म्हणतात तुम्ही इंजिनिअर आहात का. माझे वडील तिथल्याच वर्कशॉपमध्ये फिटर होते, आता ८१ चे आहेत. वर्कशॉपची शेड आधीच भंगारात गेली. मी उगाच भावनिक होतोय का? आणि करता तरी काय येईल?

उत्तर: भावनिक होताय तर व्हा की, त्यात लाज कसली. फक्त अर्जात भावना लिहू नका, एकच प्रश्न लिहा: धोकादायक कशासाठी? ट्रेनसाठी, पायी चालणाऱ्यांसाठी, की पुलाखालून जाणाऱ्यांसाठी? बोर्डावर शब्द एकच असतो पण उत्तरं तीन निघतात, आणि हा प्रश्न विचारायला इंजिनिअर असावं लागत नाही.

रेल्वेचा पूल इंजिनाच्या हिशोबाने बांधलेला असतो. वाफेच्या मोठ्या इंजिनाचं वजन एकेका ॲक्सलवर, म्हणजे चाकांच्या जोडीला जोडणाऱ्या दांड्यावर, १५-२० टन यायचं, वर ब्रेकचा धक्का आणि चाकांचा हादरा वेगळाच. माणसं अगदी खेटून उभी केली तरी एका चौरस मीटरला साधारण अर्धा टन. म्हणून ट्रेनसाठी बाद झालेला पूल चालायला पुष्कळदा ठणठणीत निघतो. अमेरिकेत हडसन नदीवर पोकिप्सीचा पूल आहे, १८८९ चा, १९७४ मध्ये आग लागली आणि ट्रेन बंद झाल्या, मग पस्तीस वर्षं नुसता उभा, आणि २००९ पासून लोक त्यावरून चालतायत, तेही थोडंथोडकं नाही, जवळजवळ २ किलोमीटर.

पण दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही माझ्या भरवशावर भांडायला जाल. अमेरिकेतल्याच पेन्सिल्वेनियातला किन्झुआ पूल १८८२ चा, १९०० मध्ये तो पोलादात नव्याने बांधला, पण पूल पेलणाऱ्या टॉवरना पायाशी धरून ठेवणारे बोल्ट जुनेच ठेवले. ते आतून गंजले होते. २००३ मध्ये दुरुस्ती सुरू असतानाच टोर्नेडो, म्हणजे भोवऱ्यासारखं फिरणारं वादळ, आलं आणि २० पैकी ११ टॉवर आडवे झाले. आपल्या पांबनच्या १९१४ च्या पुलालाही खाऱ्या हवेतल्या गंजानेच दमवलं, २०२२ च्या डिसेंबरात त्यावरची वाहतूक थांबली. तेव्हा धोका खोटाच असतो असं समजू नका. तपासणीचा रिपोर्ट मागा आणि त्यात बघा की खराब नक्की काय झालंय, गर्डर (आडवी तुळई), बेअरिंग (गर्डर खांबावर ज्यावर टेकतो तो भाग), बोल्ट, की पाण्याने पायाखालची माती खाल्लीय. गंजलेली प्लेट बदलता येते, पाया उघडा पडला असेल तर काम मोठं आहे.

आता खरी गोम. लाइन चालू असते तोवर रंगकाम, नाल्या साफ करणं, सगळ्याला बजेट असतं. ती बंद झाली की पूल कोणाचाच नसतो, पण वरून दगड पडला तर जबाबदारी मात्र कोणावर तरी येते, आणि त्या 'कोणाला तरी' पाडून टाकणं सगळ्यात सोपं वाटतं. किंवा मग कमान भरून टाकायची. इंग्लंडमध्ये ग्रेट मस्ग्रेव्हला १८६२ ची दगडी कमान २०२१ मध्ये खडी-काँक्रीट ओतून बुजवली. लोक भडकले, स्थानिक कौन्सिलने २०२२ मध्ये मागाहून मागितलेली परवानगी नाकारली आणि २०२३ मध्ये तेच सगळं परत उपसलं. बुजवलेली कमान आतून तपासता येत नाही हा त्यातला साधा मुद्दा, तो आधी कोणाला सुचला नाही का देव जाणे.

म्हणून हालचाल टेंडर निघायच्या आधी करा, भंगारवाल्याचे पैसे जमा झाले की फार उशीर झालेला असतो. आणि पुलाच्याही आधी कागद जातात हे लक्षात ठेवा. ड्रॉइंग, तपासणीची रजिस्टरं, वर्कशॉपचे जॉब कार्ड, हे सगळं ऑफिसची साफसफाई निघाली की रद्दीत. ते कुठे आहेत ते आज शोधा, निदान फोटो काढून घ्या. आणि वडिलांना पूल नीट दिसेल अशा सुरक्षित जागी न्या, खुर्ची टाकून बसवा, मोबाईल रेकॉर्डिंगला लावा आणि कुठला जोड कोणी कसा बसवला ते विचारा, आठवणी सांगा असं मोघम विचारू नका.

प्रश्न: दुरुस्तीत रिव्हेट (प्लेटा जोडणारे जाड खिळे) काढून बोल्ट लावतायत. मग तो पूल जुना राहिला का?

उत्तर: राहिला. रिव्हेट लालभडक तापवून भोकात घालायचे, एकाने मागून दाबून धरायचं, दुसऱ्याने पुढून डोकं ठोकायचं, गार होताना तो आकसतो आणि प्लेटा आवळून धरतो. सगळं टोळीचं काम, आता अशी टोळी सहज मिळत नाही. चांगल्या ताकदीचे बोल्टही प्लेटा आवळतात, चालेल. वेल्डिंग करू म्हणाले तर मात्र थांबवा आणि आधी धातू तपासायला सांगा. जुनं घडीव लोखंड असेल तर त्यात धातुमळीचे, म्हणजे लोखंड बनवताना उरलेल्या कचऱ्याचे, थर असतात, वेल्डचा ताण आला की ते पापुद्र्यासारखं सुटू शकतं.

प्रश्न: पूल पाडून एक गर्डर रंगवून बागेत ठेवणार म्हणे. समाधान मानावं का?

उत्तर: मी नसतं मानलं. बागेतल्या तोफेसारखं होतं ते, पोरं चढतात, मागे काय होतं ते कोणालाच माहीत नसतं. ठेवायचंच तर जागेवर ठेवा, एक खांब, त्यावरचं बेअरिंग, गर्डरचा तुकडा आणि बनवणाऱ्या कंपनीच्या नावाची प्लेट, म्हणजे वजन कुठून कुठे जायचं ते तरी दिसेल. किन्झुआला तर पडलेले टॉवर दरीत तसेच ठेवले आणि उरलेल्या भागावर २०११ मध्ये चालायची वाट केली. लोक तिथपर्यंत जातात आणि खाली वाकून ते वाकडंतिकडं पोलाद बघत बसतात.