परीक्षण वाचून डोकं फिरलं, काय करू?

प्रश्न: ताई, माझ्या पहिल्या कथासंग्रहाचं पेपरात परीक्षण आलं, बाकी चांगलंच लिहिलंय पण 'संवाद फार नागपुरी, बाहेरच्याला झेपणार नाहीत' हे एकच वाक्य डोक्यात घुमून राहिलं आहे. उत्तर लिहून पाठवू का? – एक वाचक, महाल

उत्तर: नका पाठवू. कौतुक विसरायचं आणि टोचणारी ओळ पाठ करायची, हे सगळ्याच लिहिणाऱ्यांचं होतं बापा. मर्ढेकरांना तर दुर्बोध, अश्लील काय काय म्हटलं, १९४८ मध्ये कवितांवर खटलाही झाला, १९५२ ला निर्दोष सुटले. तुमचे संवाद निदान कोणी वाचले तरी, नाहीतर पुष्कळ पुस्तकांचं 'साभार पोच'मध्ये, म्हणजे पेपराकडे आलेल्या पुस्तकांच्या यादीत, नुसतं नाव येतं आणि विषय संपला, ते जास्त लागतं (मला तरी). पात्र 'काऊन बोलून नाही राहिला?' म्हणत असेल तर म्हणू द्या, पण निवेदनातही तेच येतंय का बघा, तिथे परीक्षण लिहिणाऱ्यांचा मुद्दा बरोबर असू शकतो. सीताबर्डीला विदर्भ साहित्य संघात ते कधी भेटलेच तर वाद घालू नका, चहा पाजा आणि नेमका कोणता संवाद अडला तेवढं विचारून घ्या.