दीड कोटींपैकी तुमचे किती?

गोव्यातून, पेडणे तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेचे पत्र आले आहे. लांबलचक आहे, म्हणून गरजेपुरते देतो.

"माझे वय ६३. मराठी प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले, पेन्शन ४६ हजार. यजमानांचे दुकान होते, ते तीन वर्षांपूर्वी बंद केले. बँकेत २४ लाखांच्या ठेवी आहेत. राहते घर सासऱ्यांच्या वेळचे, कौलारू, भोवती ११०० चौरस मीटर जागा आणि २२ माड. वाशांना वाळवी लागली आहे, मेस्त्रीने साडेसहा लाख सांगितले. यजमानांचे गुडघे गेले. मुलगा बंगळुरूला. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून जागा विचारायला कोणी ना कोणी येतच असते. आता गावातलाच एक मुलगा, माझ्याच वर्गात शिकलेला, दिल्लीची पार्टी घेऊन आला आहे. दीड कोटी म्हणतो. आम्ही पर्वरीला ९२ लाखांचा फ्लॅट बघूनही आलो. एक-चौदाच्या (जमिनीच्या सरकारी नोंदीच्या) उताऱ्यावर अजून सासऱ्यांचे नाव आहे. दीर मुंबईला, नणंद सावंतवाडीला, दोघेही 'घर तुमचेच' म्हणतात. कोपऱ्यात मुंडकाराचे (मालकाच्या जागेत घर करून राहणाऱ्याचे) घर आहे. गेल्या श्रावणात यजमानांची साखर रात्री एकदम उतरली, तेव्हा त्यांच्याच मुलाने पिकअप काढून म्हापशाच्या इस्पितळात नेले. त्यांचे काय, असे विचारले तर एजंट म्हणतो, ते आम्ही बघून घेऊ. तीन टक्के कमिशन, अकरा महिने फक्त त्यालाच काम, आणि यजमानांकडून पॉवर ऑफ ॲटर्नी, एवढे त्याने मागितले आहे. आपल्या विद्यार्थ्यावर अविश्वास दाखवायचा कसा?"

बाई, गावात तुम्हाला सगळे याच नावाने हाक मारत असणार, म्हणून मीही तसेच म्हणतो. घर या वर्षी विकू नका आणि पॉवर ऑफ ॲटर्नीवर तर सही अजिबात नको. आता का ते सांगतो.

तुम्ही दीड कोटीतून ९२ लाख वजा केले आणि ५८ लाख हाताशी राहतील असे धरले. ते दीड कोटी आज तुमचे नाहीत. सासू-सासरे गेल्यावर ना इन्व्हेंटरी (वारस आणि त्यांचे वाटे कोर्टातून ठरवून घेण्याची प्रक्रिया) झाली, ना वाटणी, म्हणजे घर तिघा भावंडांचे आहे. गोव्याच्या वारसा कायद्यात मुलीचा वाटा मुलाएवढाच, ती लग्न करून सावंतवाडीला गेली म्हणून तो कमी होत नाही. दिरांसोबत जाऊबाईंचीही सही लागेल. नणंदेच्या यजमानांची सही लागते का, हे त्यांचे लग्न कुठे आणि कोणत्या कायद्याखाली झाले यावर ठरेल, ते वकिलाकडून तपासून घ्या. दीड कोटीतून एजंटचे साडेचार लाख गेले की उरतात १ कोटी ४५ लाख ५० हजार. त्याचे तीन भाग केले की तुमच्या वाट्याला येतात साडेअठ्ठेचाळीस लाख. सगळ्या ठेवी मोडून त्यात घातल्या तरी पर्वरीच्या फ्लॅटला साडेएकोणीस लाख कमी पडतात.

"पण ते दोघे हक्क सोडतील," असे तुम्ही म्हणाल. सोडतीलही. पण त्यांनी 'घर तुमचेच' म्हटले ते तुम्ही तिथे राहता, सासूबाईंचे शेवटपर्यंत केले, चतुर्थीला सगळ्यांना जेवू घालता म्हणून. त्या घराचे दीड कोटी होणार आहेत हे त्यांना माहीत आहे का? माहीत नसताना हक्कसोड घेतली आणि उद्या आकडा कानावर गेला, तर पुढच्या चतुर्थीला त्या घरातली माणसे एकमेकांशी कशी बोलतील? आकडा आधी सांगा, मग हक्कसोडीचा विषय काढा.

त्यांनी सगळे कळूनही हक्क सोडला असे धरून दुसरा हिशेब मांडू. वडिलोपार्जित मालमत्तेला १ एप्रिल २००१ चे बाजारमूल्य खरेदी किंमत म्हणून धरता येते. समजा नोंदणीकृत मूल्यांककाने ते ९ लाख काढले. कमिशन वजा जाता नफा होतो १ कोटी ३६ लाख ५० हजार. त्यावर साडेबारा टक्के कर. जुन्या पद्धतीने महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांनी भरायचाही पर्याय आहे, पण तुमच्या आकड्यांत तो महाग पडतो. इथे गोव्याची एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे, बाहेरच्या सीएला ती कित्येकदा माहीत नसते. आपल्याकडे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, म्हणून पगार सोडून बाकीचे उत्पन्न, हा नफासुद्धा, दोघांत निम्मे-निम्मे धरून दोघांच्या विवरणपत्रांत दाखवायचे असते. असा नफ्यावरचा कर वाचवायला जे रोखे घेता येतात, त्यांची ५० लाखांची मर्यादाही मग प्रत्येकाला वेगळी मिळते.

फ्लॅट ९२ लाखांचा. मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि सामान धरून १ कोटी १ लाखापर्यंत जाईल. हातात उरतील साडेचव्वेचाळीस लाख. फ्लॅट घेतल्यामुळे करातून सुटलेला नफा वजा केला तरी जवळपास तेवढ्याच रकमेवर कर लागतो. तो वाचवायचा तर सहा महिन्यांच्या आत हे पैसे रोख्यांत घालून पाच वर्षे विसरायचे. व्याज सव्वापाच टक्क्यांच्या आसपास, म्हणजे महिन्याला साडेएकोणीस हजार पडतात, त्यातून सोसायटीचा मेन्टेनन्स जाणार. रोखे नको असतील तर पावणेसहा लाखांच्या आसपास कर भरून मोकळे व्हायचे. भावंडांनी सगळे सोडून दिले तरी चित्र एवढेच आहे. कर्ज होत नाही, पण पत्रात ज्या सुखाची अपेक्षा दिसते तेवढा पैसाही हाती येत नाही.

आता तुमचा विद्यार्थी. तो वाईट मुलगा आहे असे मी म्हणत नाही. गावचा एजंट असणे ही जमेची बाजूच आहे. बांध कुठला, वाट कोणाची, कोणाच्या विहिरीवर कोणाचा हक्क, हे त्याला जितके कळते तितके पणजीत ऑफिस थाटलेल्याला कळणार नाही. उद्या देवळात, लग्नात, दुकानाच्या पायरीवर तो तुम्हाला भेटणार आहे, याचाही त्याला धाक असतो. पण तुमची अडचण नेमकी इथूनच सुरू होते. परक्याकडे आपण कागद मागतो, आपल्या माणसाकडे मागायला जीभ अडखळते.

माझ्या आजोळी हेच झाले. ओळखीचा माणूस म्हणून मामांनी जागा विकण्याचा २४ महिन्यांचा करार केला, हातात तीन लाख घेतले, आणि विसाव्या महिन्यात कळले की घेणाऱ्याने तो करार पुढे तिसऱ्यालाच देऊन टाकला. जागा ना विकता येत होती, ना दुरुस्त करता. त्या करारावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. ओळखीच्या माणसाला प्रश्न विचारायला मी लाजलो होतो. मामा आणि तो माणूस त्यानंतर एकमेकांशी बोलले नाहीत. कागद नीट असता तर निदान बोलणे तरी टिकले असते. मुलगा आपला आहे म्हणूनच सगळे लिहून घ्या, बाई.

पॉवर ऑफ ॲटर्नी का नको? मालकी नुसत्या पॉवर ऑफ ॲटर्नीने हस्तांतरित होत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितले आहे. पण ती हातात असलेला माणूस तुमच्या वतीने करार करू शकतो, टोकन घेऊ शकतो, आणि तुम्हाला कळेपर्यंत तुम्ही बांधल्या गेलेल्या असता. तुम्ही दोघे गावातच आहात, सबरजिस्ट्रारकडे जाऊन सही करायला तुम्हाला तिसरा माणूस कशाला? घर यजमानांकडचे असले तरी तुमच्या सहीशिवाय ते विकता येत नाही, हेही लक्षात असू द्या. तुम्ही नाही म्हटले तर विषय तिथेच थांबतो.

अकरा महिन्यांऐवजी तीन महिने द्या, तेही वारसाचे कागद झाल्यावर. कमिशन किती, ते खरेदीखत झाल्यावरच द्यायचे, आणि घेणाऱ्याकडूनही तो काही घेणार असेल तर किती, हे एका पानावर मांडून दोघांनी सह्या करा. पुढेमागे "दीड कोटी तुमचे, वरचे माझे" अशी बोली निघाली तर तिथेच थांबवा. समजा त्याने घर दोन कोटींना विकले. खरेदीखतात दोन कोटी लिहिले तर कर दोन कोटींवर तुम्हीच भरणार. नाही लिहिले तर वरचे रोखीत फिरणार, आणि घर-जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेतली तेवढीच रक्कम दंड म्हणून जाऊ शकते. तो दंड एजंटला होत नाही, रोख घेणाऱ्याला होतो, म्हणजे तुम्हाला. फ्लॅट दाखवणाऱ्या एजंटला मात्र रेराचा (घरबांधणी प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक विचारा. नव्या प्रकल्पातल्या सदनिका विकायला तो बंधनकारक आहे.

मुंडकाराबद्दल "आम्ही बघून घेऊ" हे वाक्य मी दोनदा वाचले आणि मला ते टोचले. बघून घेणार म्हणजे काय करणार? १९७५ च्या कायद्याने मुंडकाराला सहजासहजी घरातून काढता येत नाही. घराखालची आणि भोवतालची जागा विकत घ्यायचा त्याला हक्क आहे. मालक बदलला म्हणून तो हक्क जात नाही. दिल्लीच्या पार्टीला रिकामी ११०० मीटर जागा म्हणून दाखवले असेल, तर करार झाल्यावर तंटा तुमच्या दारात येणार. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, तुमच्या यजमानांना रात्री पिकअपमध्ये घालून कोणी नेले? पर्वरीला लिफ्ट आहे, पण दार ठोठावल्यावर धावून येणारे तसे शेजारी जमायला वर्षे लागतील. त्यांचा हक्क मामलेदारांकडे नोंद करून द्या. पुढे कधी विकायचेच ठरले तर उरलेली जागा स्वच्छ विकता येईल, आणि चांगला घेणारा त्यासाठी भाव पाडत नाही.

मग छपराचे काय? ते ठेवींतून करा. २४ लाखांतले साडेसहा लाख छपराला. वासे बदलून, कौले काढून पुन्हा घालून घ्या, जमल्यास खालच्या खोलीला लागून कमोडची न्हाणीघर-संडासाची सोय याच खर्चात बसवा, यजमानांच्या गुडघ्यांना तिचा उपयोग लिफ्टपेक्षा जास्त होईल. साडेतीन लाख बचत खात्यात, अडीअडचणीला. उरलेले १४ लाख पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत घाला. सध्याच्या ८.२ टक्क्यांनी दर तीन महिन्यांना २८,७०० रुपये येतील. पेन्शन आहे, नारळ घरचे आहेत, घरभाडे नाही. तुमच्या पैशांत असे काही नाही ज्यासाठी आज घर विकावे लागावे.

शहरात राहून बघायचे मन असेल तर तेही मोडू नका. पुढच्या जूनपासून सप्टेंबरपर्यंत म्हापशाला किंवा पर्वरीला फ्लॅट भाड्याने घ्या. महिना १८ हजार धरले तर चार महिन्यांचे ७२ हजार. पावसात गळणारे घर आणि निसरडे अंगण टळेल, डॉक्टर जवळ असेल. सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा ऐकू न येता, शेजाऱ्याच्या बंद दाराकडे बघत चार महिने काढून तुम्हाला कसे वाटते, ते एजंटलाही माहीत नाही आणि मलाही. ७२ हजारांत ते कळत असेल तर स्वस्त आहे. मुलगा बंगळुरूला बोलावतो, तिकडेही एक महिना राहून या.

विद्यार्थ्याला नाही म्हणायला जड जाते ना? नाही म्हणूच नका. घरी बोलवा, चहा द्या आणि सांगा, "कागद आमच्या नावावर नाहीत. इन्व्हेंटरी होईपर्यंत मी कोणालाच शब्द देत नाही. झाली की पहिला फोन तुला." तो खरा तुमचा असेल तर उतारे काढायला, सर्व्हेच्या ऑफिसात खेपा घालायला तोच मदत करील, आणि त्या कामाचे पैसे त्याला वेगळे, पावतीसह द्या. घाई करू लागला, पार्टी हातची जाईल म्हणाला, तर जाऊ द्या. कोणी ना कोणी येतच असते, असे तुम्हीच लिहिले आहे.

चतुर्थीला दीर आणि नणंद येतीलच. माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची आरास) बांधायच्या आदल्या संध्याकाळी एक-चौदाचा उतारा टेबलावर ठेवा, दीड कोटीचा आकडा सगळ्यांसमोर एकदा मोठ्याने सांगा आणि इन्व्हेंटरीसाठी वकील कोण घ्यायचा ते तिथेच ठरवा. मुंडकाराच्या मुलालाही त्या वेळी बोलावून घ्या, त्याच्या घराबद्दलचे बोलणे त्याच्यासमोर झालेले बरे.