पोटरीचा घेर: शिबिरातला खरा की घरचा?

प्रश्न: आमच्या सोसायटीत ज्येष्ठांसाठी शिबिर होतं, तिथे सासूबाईंच्या (वय ७४) पोटरीचा घेर ३१.५ सें.मी. भरला आणि स्नायू कमी झालेत, सार्कोपेनिया असू शकतो असं सांगितलं. संध्याकाळी मी घरी शिवणाच्या टेपने मोजलं तर ३३च्या वर! कुणाचं खरं धरू? आणि पोटरीच का, दंड का नाही?
– एक वाचक, कराड

उत्तर: दोन्ही आकडे बाजूला ठेवा आणि उद्या सकाळी परत मोजा. संध्याकाळपर्यंत पायात पाणी उतरतं, त्यामुळे तुमचा आकडा फुगलेला असू शकतो, शिवाय टेप तिरकी बसली किंवा सलवारवरून मोजलं तरी घेर जास्त येतो. टेप जुनी होऊन ताणली गेली असेल तर मात्र आकडा उलट कमी येतो, आणि शिबिरात गर्दीत कुणी टेप आवळून धरली असेल तर तेही आलंच. खुर्चीत बसवा, पाऊल पूर्ण जमिनीला टेकलेलं, गुडघा काटकोनात, पोटरी उघडी. टेप आडवी सरळ धरायची, कातडीला लागेल पण रुतणार नाही इतपत, आणि एकाच जागी मोजून थांबायचं नाही, थोडं वर थोडं खाली सरकवत सगळ्यात जाड भाग शोधायचा. दोन्ही पाय मोजा, मोठा आकडा धरा.

आता पोटरीच का. तिथे पोट-मांड्यांच्या मानाने चरबी कमी असते आणि चालणं कमी झालं की तिथला स्नायू लवकर उतरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९५च्या अहवालातसुद्धा म्हातारपणी स्नायूचा अंदाज घ्यायला दंडापेक्षा पोटरी बरी असंच म्हटलंय.

आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९च्या निकषांप्रमाणे पुरुषांत ३४ आणि बायकांत ३३ सें.मी.च्या खाली घेर असेल तर पुढे तपासायचं. फक्त तपासायचं हं, निदान नाही झालं! शिबिरांत हा फरक कुणी सांगतच नाही आणि माणूस घाबरून प्रोटीन पावडरचा डबा घेऊन घरी येतो. मला विचाराल तर घेरापेक्षा ताकद जास्त बोलते. सासूबाईंना हात छातीशी बांधून खुर्चीतून सलग ५ वेळा उठ-बस करायला सांगा, शेजारी तुम्ही उभ्या राहा, १२ सेकंद किंवा जास्त लागले तर डॉक्टरांकडे घेऊन जा. ते हाताची पकड मोजतील (बायकांत १८ किलोच्या खाली म्हणजे कमी), गरज वाटली तर डेक्सा (अंगातला स्नायू आणि चरबी मोजणारा, कमी क्ष-किरणांचा स्कॅन) करतील. आणि "आता या वयात काय व्यायाम" असं त्या म्हणाल्या तर सांगा की १९९०मध्ये बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या लोकांकडून ८ आठवडे पायाने वजन उचलून घेतलं तर त्यांच्या पायातली ताकद दुपटीहून जास्त झाली होती. सासूबाई अजून ७४च्याच आहेत. पण वजन वगैरे फिजिओथेरपिस्टला विचारूनच.

टेप नसेल तर जपानमध्ये एक सोपी पद्धत वापरतात, दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जोडून पोटरीच्या जाड भागाभोवती कडं करायचं, कडं ढिलं राहून मध्ये फट दिसली तर स्नायू कमी असायची शक्यता जास्त. अर्थात आपलंच बोट, आपलीच पोटरी, सुनेच्या बोटांनी सासूची पोटरी मोजायची नाही!

प्रश्न: बाबांची पोटरी ३९ सें.मी. आहे म्हणजे ते एकदम फिट ना? वय ६८, उंची १६५, वजन ९२ किलो.
– नाशिकहून एक वाचक

उत्तर: इतक्यात पेढे वाटू नका. त्यांचा बीएमआय ३४च्या जवळ जातोय, आणि अशा माणसाच्या पोटरीतही चरबी असतेच. अमेरिकेतल्या आकडेवारीवरून २०२१मध्ये एक हिशोब मांडला गेलाय, बीएमआय २५ ते ३० मध्ये असेल तर घेरातून ३ सें.मी. वजा करायचे, ३० ते ४० मध्ये असेल तर ७. बाबांचे ३९ वजा ७ म्हणजे उरले ३२, पुरुषांच्या ३४च्या खालीच की. बाहेरून धडधाकट आणि आतून स्नायू कमी असे लोक बरेच असतात, आणि वजनामुळे कुणाला शंकाही येत नाही. अजून एक, नडगीवर अंगठ्याने थोडा वेळ दाबून बघा, खड्डा पडून तसाच राहिला तर ती सूज आहे, मग घेराला काही अर्थ नाही, आधी सूज कशाने आलीय ते डॉक्टरांकडून बघून घ्या.

प्रश्न: आईची डावी पोटरी उजवीपेक्षा जाड दिसते, काळजीचं आहे का?

उत्तर: कधीपासून, ते तुम्ही लिहिलंच नाहीये. वर्षानुवर्षं थोडासा फरक असेल तर तो बहुतेकांना असतो. पण हल्लीच चार-आठ दिवसांत वाढलाय, फरक ३ सें.मी.हून जास्त आहे, दुखतंय, गरम लागतंय, किंवा त्या नुकत्याच आजारपणात झोपून होत्या तर शिरेत गुठळी झाली असू शकते, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. सोबत धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर थेट इमर्जन्सीत. आणि तोपर्यंत पाय तेल लावून चोळू नका.