एच.ओ.टी. हा कोरियन बॉय बँड एवढा गाजूनही का फुटला?
मुख्य कारण करार आणि पैसा. ली सू-मान यांच्या एसएम या संगीत कंपनीने निवडून, तालीम देऊन तयार केलेली ही पाच मुलं सप्टेंबर १९९६ मध्ये आली आणि ‘कँडी’ गाण्याने कोरियातल्या शाळकरी मुलींना वेड लावलं. रंगीबेरंगी ढगळ कपडे, हातात जाडजूड मोजे आणि समोर पांढरे फुगे घेतलेल्या चाहत्यांची तोबा गर्दी! फेब्रुवारी २००० मध्ये तर त्यांनी बीजिंगही गाजवलं. पण २००१ मध्ये कराराची बोलणी फिसकटली. टोनी, जांग वू-ह्योक आणि ली जे-वोन बाहेर पडले, त्यांनी ‘जेटीएल’ हा वेगळा बँड काढला. कांगटा आणि मून ही-जुन एसएममध्येच राहिले. इतकं कमावून देणाऱ्या मुलांना रास्त वाटा मिळायलाच हवा होता, असं मला मनापासून वाटतं. पाचही जण पुन्हा एकत्र मंचावर यायला २०१८ उजाडलं.